वल्कनची पाटी

शिरोड्याच्या माणसाने आगगाडीच्या इंजिनावर लिहायला बसावे यात थोडी थट्टा आहे, हे मला मान्य आहे. आमच्या गावाला समुद्र आहे, मिठागरे आहेत, माउलीचे देऊळ आहे, वि. स. खांडेकरांनी १९२० पासून १९३८ पर्यंत जिथे मुलांना शिकवले ती शाळा आहे. नाही तो एवढा रूळ. माझ्या लहानपणी तर आमच्या सबंध मुलखात रुळाचा तुकडा नव्हता. पहिलीच्या वर्गात 'आ' शिकवताना मास्तरांनी फळ्यावर आगगाडी काढलीच नाही, आगबोट काढली. ती आम्हांला ठाऊक होती. वेंगुर्ल्याच्या बंदराबाहेर ती उभी राही, होड्या तिच्याकडे जात आणि मुंबईचे चाकरमानी ट्रंका सावरत खाली उतरत.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी नेहमीप्रमाणे "काहीतरी कोकणातले" लिहा म्हणून कळवले. वाचकहो, फणस, दशावतार आणि देवचार यांवर मी इतकी वर्षे लिहीत आलो आहे की आता देवचारच तक्रार करील. तेव्हा विषय शोधत होतो. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली, आणि विषय आपण होऊन हाती आला.

ट्रंकेत तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन कागद होते. पहिला कागद मी लहानपणी शंभरदा पाहिलेला. पैशावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की पैशाचा ठसा उमटतो, हा खेळ आपण सगळ्यांनी केला आहे. आजोबांनी तसाच ठसा घेतला होता, पण पैशाचा नव्हे, इंजिनाच्या पाटीचा. इंजिन जो कारखाना बांधतो तो आपल्या नावाची, गावाची आणि सालाची धातूची पाटी त्यावर ठोकतो. काळ्या शिसाच्या रेघोट्यांतून इंग्रजी अक्षरे उठली होती : वल्कन फाउंड्री, न्यूटन-ली-विलोज, लँकेशायर. दुसऱ्या कागदाचे पुढे सांगतो.

आजोबा मुंबईला एका रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. वर्कशॉपचे नाव सांगत नाही. सांगून आता कोणाचे भले होणार नाही. १९१९ च्या सुमारास लागले आणि १९५५ साली निवृत्त झाले. छत्तीस वर्षे इंजिनांच्या पोटात हात घालून बसलेला हा माणूस गावी यायचा तो मात्र आगबोटीने, आणि वेंगुर्ल्याहून पुढे बैलगाडीने. आमची आजी १९६१ साली गेली. तिने आगगाडी कधी पाहिली नाही.

हे वल्कन प्रकरण काय आहे, ते आधी सांगायला हवे. वल्कन हा रोमन लोकांचा अग्नीचा आणि लोहारकीचा देव. आपला विश्वकर्मा म्हणा. चार्ल्स टेलर नावाच्या गृहस्थाने १८३० साली लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या दरम्यान न्यूटन येथे लोखंडाची ओतशाळा काढली. जागा मोठी हिशेबाने निवडली होती. त्याच साली लिव्हरपूल-मँचेस्टर आगगाडी सुरू झाली होती, आणि जिकडे तिकडे रूळ टाकण्याचे वेड पसरत होते. 'रॉकेट' इंजिनामुळे प्रसिद्धीस आलेल्या स्टीफन्सन घराण्यातला रॉबर्ट स्टीफन्सन १८३२ साली या धंद्यात भागीदार झाला. त्याचा स्वतःचा कारखाना न्यूकॅसलला होता, पण तो पडला देशाच्या दुसऱ्या टोकाला. कामगारांसाठी कारखान्याशेजारी विटांच्या घरांचे एक चिमुकले गावच वसवले गेले. १८४७ साली कारखान्याने वल्कन फाउंड्री हे नाव रीतसर घेतले. पुढच्या शंभरावर वर्षांत तिथून सहा हजारांहून अधिक इंजिने बाहेर पडली, आणि त्यांतली पुष्कळशी समुद्र ओलांडून गेली.

आपल्याकडची पहिली त्यांतलीच. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेसाठी वल्कनने १८५२ साली आठ इंजिने बांधली. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. तो खुला झाला १८६९ साली. तेव्हा ही अवजड धुडे जहाजात बसून आफ्रिकेला वळसा घालून मुंबईस आली. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास, एकवीस तोफांच्या सलामीत, चौदा डबे आणि चारशे पाहुणे घेऊन बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी निघाली. तिला जोडलेल्या तीन इंजिनांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. एकवीस मैलांचे अंतर. मुंबईचे नाना शंकरशेट या उद्योगात आघाडीवर होते, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेले असते. पुढच्याच साली कृष्णशास्त्री भाटवडेकर यांनी 'लोखंडी सडकांचे चमत्कार' हे पुस्तक लिहिले. मला त्या नावातला 'सडक' शब्द फार आवडतो. रूळ म्हणजे काय हे अजून भाषेला ठरवता येत नव्हते, पण चमत्कार आहे हे मात्र लगेच ठरले!

चमत्कार बघायला लोक जमले, नारळ फुटले, वाफेच्या राक्षसाच्या गोष्टी झाल्या. त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, मी पुन्हा करीत नाही. माझे लक्ष दुसरीकडे आहे. राक्षस आजारी पडला की त्याला औषध कोण देणार? लँकेशायरचा वैद्य तर सहा हजार मैलांवर. म्हणून रूळ टाकल्याबरोबर दुरुस्तीच्या यंत्रशाळाही मुंबईत उभ्या कराव्या लागल्या. आमच्या कोकणची माणसे गिरण्यांत गेली हे सगळे जाणतात. पण या यंत्रशाळांतही ती मोठ्या संख्येने गेली. फिटर झाली, लोहार झाली, बॉयलरवाले झाली. खलाशाच्या आणि सुताराच्या पोराला दोरखंड, कप्पी आणि लाकडाचा जोड कळतो. त्याला लोखंडाचा जोड कळायला किती वेळ लागणार?

आजोबा निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. संध्याकाळी पडवीत बसून ते इंजिनाची 'मोठी दुरुस्ती' कशी चालते ते सांगत. ठराविक मैल धावले की इंजिन वर्कशॉपात येई. मग त्याचे अंगांग सुटे करायचे. क्रेनने बॉयलर सांगाड्यावरून उचलायचा. आतल्या शेकडो नळ्यांतून आगीचा धूर जातो आणि बाहेरून पाणी उकळते. पाण्यातल्या क्षाराने त्यांच्यावर पुटे चढलेली. त्या एकेक ओढून काढायच्या, साफ करायच्या, कुजलेल्या बदलायच्या, टोके ठोकून घट्ट बसवायची. एखादीही गळाली तर वाफ धरत नाही. चाकांची गोष्ट तर मला पाठ होती. इंजिनाच्या चाकाला बाहेरून पोलादी धाव असते. ती झिजली की लेथवर कातून गोल करायची. फारच पातळ झाली की नवी चढवायची. नवी धाव चाकापेक्षा केसभर लहान असते. तिच्याभोवती आगीचे कडे पेटवून ती तापवायची, तापली की फुगते, मग चाक आत उतरवायचे आणि थंड होऊ द्यायचे. थंड होताना ती चाकाला अशी आवळते की पुन्हा सुटायची बात नको. "म्हणजे आमच्या सुताराच्या गाडीसारखीच," असे मी म्हणालो. आजोबा खूश झाले. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना मी शेणी पेटवलेल्या पाहिल्या होत्या. फरक काय तो वजनाचा.

एकदा मी विचारले, "आजोबानू, तुमी किती इंजिनां केलास?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "इंजिन केलंय नाय रे झिला. इंजिन बरा केलंय."

आमच्या मालवणीत 'बरा करणे' म्हणजे दुखणाईताला उठवून बसवणे. आतून आजीचा आवाज आला, "घरातलो पाट मोडलो तो बरो करूक सवड नाय, आणि थंय इंजिनां बरी करतत!" सगळे हसले. आजोबाही हसले, पण त्यांचे आधीचे थांबणे माझ्या लक्षात राहिले. त्याचा अर्थ कळायला मला आणखी वीस वर्षे लागली.

कारण पुढच्याच वाक्यात त्यांनी सांगून टाकले होते, "पाटी सोडून सगळा आमचा." तीस-चाळीस वर्षे चाललेल्या इंजिनात मूळचे उरते काय? नळ्या बदललेल्या, धावा बदललेल्या, सिलिंडर इथेच ओतलेला, दांडे इथल्याच घणाखाली घडवलेले. विलायतेहून जसेच्या तसे आलेले असे कित्येकदा थोडेच राही, आणि त्यात एक ती पाटी. फोरमन साहेब तिला पॉलिश करायला लावी. आजोबांना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण पाट्यांच्या आकारावरून आणि अक्षरांच्या वळणावरून ते कारखाने ओळखीत. "ह्यो वालकन," असे म्हणून ते त्या कागदावर बोट ठेवीत, जसे कोणी सोयऱ्याच्या फोटोवर ठेवावे. राग नव्हता. कारागिराला कारागिराचा राग येत नाही, असे मला वाटते. वल्कनचे काम चोख असे, हे ते आपण होऊन सांगत. १९२८ ते १९३० च्या दरम्यान घाटातल्या मालगाड्यांसाठी विजेवर चालणारी, लांब नाकाची इंजिने आली, त्यांतलीही बरीचशी वल्कनने बांधलेली. चालताना त्यांचे दांडे तिरके तिरके हलत, म्हणून लोक त्यांना 'खेकडा' म्हणत. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात त्यांतला एक ठेवलेला आहे. आजोबांना ते नाव पसंत नव्हते : "कसलो खेकडो? कुर्ली म्हण!"

आता मी तुम्हांला आमच्या वेळागराच्या किनाऱ्यावर नेतो. मी कॉलेजात होतो त्या काळात तिथून दक्षिणेला पाहिले की रेडीच्या समोर मोठी जहाजे नांगरून उभी दिसत. रेडी म्हणजे आमच्याच वेंगुर्ले तालुक्यातले, तेरेखोलच्या अलीकडचे गाव. तिथल्या तांबड्या मातीत लोखंड आहे. खाणीतली ती माती पडावांतून जहाजावर चढे आणि जपानला जाई. रेडीचा रस्ता, झाडे, कुत्री, सगळे त्या धुळीने तांबडे झालेले. (याच खाणीच्या परिसरात १९७६ साली गणपतीची द्विभुज मूर्ती सापडली, आता लोक रेडीला खाणीसाठी नव्हे, गणपतीसाठी जातात.) जपानला एवढे लोखंड कशाला लागते, असा प्रश्न मला पडला, आणि वाचता वाचता एका ठिकाणी मी थबकलो.

जपानात पहिली आगगाडी १८७२ साली धावली, टोकियोतील शिंबाशीहून योकोहामापर्यंत, सुमारे अठरा मैल. म्हणजे आपल्यानंतर एकोणीस वर्षांनी. त्या रेल्वेचे 'एक नंबर'चे इंजिन कोणी बांधले होते? वल्कन फाउंड्रीने, १८७१ साली. त्याच ओतशाळेत, त्याच विटांच्या गावात.

दोन्ही घरी एकाच सुईणीच्या हातचे मूल आले. पुढे काय झाले ते बघा. जपानने १८९३ साली कोबेच्या यंत्रशाळेत आपले पहिले इंजिन बांधले. शिकवायला इंग्रजच होता, वाफेच्या इंजिनाचा आद्य जनक जो रिचर्ड ट्रेव्हिथिक, त्याचा नातू. आपल्याकडे अजमेरच्या यंत्रशाळेत पहिले इंजिन बांधले गेले १८९५ साली. अवघ्या दोन वर्षांचे अंतर! ते अजमेरी इंजिन आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. तेव्हा आपल्या माणसांना येत नव्हते, अक्कल नव्हती, हात नव्हता, असे कोणी म्हणेल तर त्याला खुशाल दिल्लीला पाठवावे. पण नंतर १९१२ च्या सुमारास जपानने ठरवले की इंजिने आता घरचीच घ्यायची. अजमेर आणि बिहारमधले जमालपूर यांनी मिळून पुढे सहाशेच्या वर इंजिने बांधली खरी; परंतु त्याच काळात विलायतेहून आलेल्या इंजिनांची संख्या दहा हजारांच्या वर जाते. आपल्या रेल्वे कंपन्यांची संचालक मंडळे बसत लंडनला. तिथल्या माणसाने खरेदी करताना शेजारच्या दुकानात जावे, यात नवल काय?

कोणी धडपड केली नाही असेही नाही. सरकार इंजिनांच्या मागण्या हिंदुस्थानात देईल, या भरवशावर १९२१ साली जमशेदपूरजवळ पेनिन्शुलर लोकोमोटिव्ह कंपनी उभी राहिली. कारखाना तयार, मागण्या नाहीत. १९२४ साली टॅरिफ बोर्डापुढे संरक्षण मागितले. उत्तर मिळाले की देशात इंजिनांना पुरेसा उठावच नाही, तेव्हा संरक्षण देता येत नाही. ज्याने मागणी द्यायची त्यानेच मागणी नाही म्हणून सांगावे! शेवटी तो कारखाना सरकारनेच विकत घेतला आणि तिथे इंजिनांऐवजी डब्यांची कामे होऊ लागली. १९४५ साली तो टाटांकडे आला, आणि टेल्कोची इंजिने त्याच जागी १९५२ पासून निघू लागली. मधली वीस-पंचवीस वर्षे गेली ती गेलीच. आजोबांच्या नोकरीची नेमकी तीच वर्षे होती.

हे वाचताना मला आमची मिठागरे आठवली. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला; महाराष्ट्रभरातून स्वयंसेवक आले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. समुद्र आपला, ऊन आपले, आणि मीठ उचलले की गुन्हा. एकोणिसाव्या शतकात बंगालच्या लोकांच्या जेवणात मीठ पडे ते चेशायरचे, लिव्हरपूलच्या बंदरातून आलेले. चेशायर परगणा वल्कन फाउंड्रीपासून हाकेच्या अंतरावर! त्या एका कोपऱ्यातून मीठही यावे आणि इंजिनही यावे, ही भूगोलाची मला मोठी मौज वाटते. मिठासाठी माणसे रस्त्यावर आली. इंजिनासाठी कोण येणार? ते फिटरचे दुःख. आणि फिटर तर दुसऱ्या दिवशी भोंग्याला कामावर हजर.

जपानच्या त्या एक नंबरच्या इंजिनाची आणखी एक हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. सरकारी रेल्वेत नोकरी करून ते म्हातारपणी शिमाबारा या एका लहानशा खाजगी रेल्वेकडे गेले. १९३० साली राष्ट्राचा ठेवा म्हणून ते जतन करण्यासाठी परत मागवले गेले, तेव्हा त्या रेल्वेच्या अध्यक्षाने निरोप देताना त्यावर एक पाटी बसवून घेतली : ताटातुटीचे दुःख सांगता येत नाही, अशा अर्थाची. ती पाटी त्यावर अजून आहे. इंजिन टोकियोजवळ सायतामाच्या संग्रहालयात आहे. आपले साहिब, सिंध आणि सुलतान भंगारात गेले. एकही शिल्लक नाही.

आणि वल्कन? दुसऱ्या महायुद्धात तिथे मटिल्डा रणगाडे बनले. १९५५ साली इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने कारखाना आपल्यात सामावून घेतला. वाफ संपली, डिझेल आले, मालक बदलत गेले. २००२ साली दरवाजे बंद झाले. पुढे इमारती पाडून त्या जागी घरे बांधली गेली. कामगारांचे ते विटांचे गाव मात्र उभे आहे. जिथे इंजिने घडत तिथे आता लोकांची न्हाणीघरे असतील. हे वाचून मला आनंद होईल असे वाटले होते, झाला नाही. आजोबांचा सोयरा गेल्यासारखे वाटले.

आमच्याकडे आगगाडी आली ती १९९८ साली. मुंबई-ठाणे गाडीनंतर एकशेपंचेचाळीस वर्षांनी कोकण रेल्वे सलग सुरू झाली. शिरोड्याला रूळ आजही नाही. सावंतवाडी किंवा मडुऱ्याला जावे लागते. २०२२ पासून सगळा मार्ग विजेचा झाला. मी मुंबईला जाताना गाडी आली की आधी पुढे जाऊन इंजिनाचा कारखाना वाचतो, मग मागे पळत येऊन डबा शोधतो. चिरंजीव रागावतात. या वयात पळू नये म्हणतात, ते बरोबरच आहे.

आता तो दुसरा कागद. तो मी यंदाच पहिल्यांदा पाहिला. तोही पेन्सिलीचाच ठसा, आणि पाटी चित्तरंजनच्या कारखान्याची. चित्तरंजनला बंगालमध्ये स्वतंत्र भारताचे पहिले इंजिन, 'देशबंधू', १९५० साली तयार झाले. त्या घराण्यातले कुठले तरी इंजिन आजोबांच्या निवृत्तीच्या आधी त्यांच्या वर्कशॉपात दुरुस्तीला आले असले पाहिजे. कागदाच्या कोपऱ्यात कुंकवाचा डाग आहे. खंडेनवमीला वर्कशॉपात यंत्रांची पूजा होत असे, तेव्हाचा असावा. वल्कनच्या कागदावर आजोबांनी काही लिहिलेले नाही. यावर खाली त्यांच्या हातचे बाळबोध अक्षर आहे, पेन्सिलीचेच, पण घट्ट दाबून काढलेले :

"खंडेनवमी, १९५४. नळ्या ४ गळत होत्या. बदलल्या."